तेतेचोची दाई

हल्ली शहरातील घरांच्या खिडक्यांत, कार्यालयांच्या टेबलांवर काचेच्या लहान वाटीत एक काटेरी, हिरवा गोळा ठेवलेला दिसतो. पाणी फारसे घालावे लागत नाही, जागा लागत नाही, म्हणून लोक हौसेने आणतात. कोणी त्याला कॅक्टस म्हणतात, कोणी निवडुंग. जीवशास्त्र शिकविण्यात माझी बत्तीस वर्षे गेली. दर वर्षी अकरावीच्या वर्गात मी हा प्रश्न विचारत असे, की बांधावरचा त्रिधारी निवडुंग हा कॅक्टस आहे काय? सगळा वर्ग एका आवाजात ‘हो’ म्हणायचा.

वास्तविक तो कॅक्टस नाही. त्रिधारी निवडुंग आणि कुंपणाचा शेर ही दोन्ही झाडे एरंडाच्या कुळातील आहेत. मोडले की पांढरा चीक गळतो. खऱ्या कॅक्टसच्या अंगावर ठराविक अंतराने लोकरीसारख्या लहान गाद्या असतात आणि प्रत्येक गादीतून काट्यांचा झुबका निघतो. ही गादी दिसली की तो कॅक्टस, ही खूण कायम ध्यानात ठेवावी. लाल बोंडे येणारा आपला फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस आहे, पण तो इथला नाही, अमेरिका खंडातून आलेला पाहुणा आहे. एक अपवाद सोडला तर कॅक्टसची झाडून सारी जात मूळची त्याच खंडातील आहे.

मला आज त्यातील एकाच झाडाविषयी लिहायचे आहे. त्याचे नाव तेतेचो. मेक्सिको देशाच्या दक्षिण भागात पुएब्ला आणि वाहाका ही दोन राज्ये आहेत. त्यांच्या सीमेवर तेवाकान-क्विकातलान नावाचे डोंगराळ खोरे आहे. पूर्वेकडील समुद्रावरून येणारे ढग आधी उंच पर्वतरांगेला धडकतात, तिथेच रिते होतात आणि पलीकडच्या उतारांवर कोरडा वारा तेवढा उतरतो. माण, आटपाडी, सांगोला भागातील वाचकांना हे निराळे समजावून सांगायला नको. आपण ज्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतो, तोच प्रकार. झापोतित्लान गावाच्या आसपास वर्षाकाठी सुमारे चारशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही चार-पाच महिन्यांत. बाकीचे महिने टेकड्यांवर खुरटी, काटेरी झुडपे आणि तापलेले दगड.

अशा टेकड्यांवर तेतेचो उभा असतो. अक्षरशः खांबासारखा. तरुणपणी एकच सरळ खांब, म्हातारपणी वरच्या बाजूला दोन-चार फांद्या. उंची दहा मीटरच्याही पुढे जाते, म्हणजे तीन मजली इमारतीएवढी. आणि हे खांब एकेकटे नसतात. काही उतारांवर एका हेक्टरात हजाराच्या वर खांब मोजले गेले आहेत. स्तंभाकार कॅक्टसची इतकी दाट वने जगात अन्यत्र नाहीत. मेक्सिको सरकारने १९९८ साली हा प्रदेश राखीव जीवावरण क्षेत्र म्हणून जाहीर केला आणि २०१८ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. शास्त्रीय नावात त्याच्या वंशाला ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रान्झ बक्सबाउम यांचे नाव दिलेले आहे. अलीकडे त्याचा वंश बदलावा असेही मत पुढे आले आहे. नाव काहीही होवो, गावकरी त्याला पूर्वापार तेतेचोच म्हणतात.

पाण्यावाचून हा खांब जगतो कसा? त्रिधारी निवडुंगाला तीन धारा, तर तेतेचोला पंधरा-सोळा. पाऊस पडला की या धारा हार्मोनियमच्या भात्यासारख्या फुगतात आणि दुष्काळात आक्रसतात. त्यामुळे साल फाटत नाही. मुळे खोल जात नाहीत. जमिनीच्या वरच्या थरात ती लांबवर पसरतात, म्हणजे पडलेला थेंब खाली मुरण्याआधीच टिपता येतो. पाने नाहीत, त्यांचे काटे झाले. आणि सर्वांत मोठी युक्ती ही, की दिवसा हे झाड आपली रंध्रे मिटून घेते. रात्री हवा थंड झाली की ती उघडते, कार्बन डायऑक्साइड आत घेते, आम्लाच्या रूपाने साठवते आणि दुसऱ्या दिवशी उन्हात दारे बंद ठेवून आपले अन्न शिजवते. पहाटे तीनला नळ येतो म्हणून उठून हंडे-कळश्या भरून ठेवणाऱ्या आणि दिवसभर त्यावर घर चालविणाऱ्या बायका मी चाळीत पाहिल्या आहेत. विद्यार्थ्यांना मी हेच उदाहरण देत असे आणि ते त्यांना पुस्तकातील आकृतीपेक्षा लवकर कळे.

तेतेचोची फुलेही रात्रीची. खांबाच्या टोकाशी फिकट रंगाची फुले येतात, एकच रात्र उमलतात. त्यांच्याकडे येते ती मध पिणारी वटवाघळे. आपल्याकडे वटवाघूळ घरात शिरले तर अपशकुन मानतात, बायका घाबरतात. तिकडेही रक्त पिणाऱ्या जातीच्या भीतीपोटी गुहांतील निरुपद्रवी वटवाघळांना मारण्याचे प्रकार झाले. परंतु ही वटवाघळे आली नाहीत तर तेतेचोला फळ धरत नाही, हे संशोधकांनी फुलांवर जाळ्या बांधून सिद्ध केले आहे. त्यांतील एक जात अमेरिकेच्या धोक्यात असलेल्या प्राण्यांच्या यादीत होती. संरक्षणामुळे तिची संख्या सुधारली आणि २०१८ साली तिचे नाव त्या यादीतून काढता आले. एखादा प्राणी यादीतून वगळला गेला याचा आनंद मानण्याचे प्रसंग विरळाच, म्हणून मुद्दाम नोंदविले.

या खोऱ्यातील माणसांचे तेतेचोशी नाते जुने आहे. पोपोलोका, मिश्तेक, नाव्हा अशा मूळनिवासी लोकांची ही भूमी. येथील गुहांत पाच हजार वर्षांहून जुनी, बोटाएवढी मक्याची कणसे सापडली आहेत. त्या लोकांनी शेती सुरू केली, ती या कोरड्या उतारांवर. आजही उन्हाळ्याच्या तोंडी तेतेचोच्या कळ्या खुडून आणतात, शिजवतात, अंड्यात घालतात, लोणच्यासारख्या मुरवून ठेवतात. फळेही खातात. झापोतित्लानला कॅक्टसची एक वनस्पती बाग आहे आणि तिला एलिया ब्राव्हो ओयिस या बाईंचे नाव आहे. या बाई १९०१ साली जन्मल्या आणि २००१ साली, शंभरीला अवघे काही दिवस उरले असताना वारल्या. मेक्सिकोत जीवशास्त्राची पदवी मिळविणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचा उल्लेख होतो. १९३७ साली त्यांनी आपल्या देशातील कॅक्टसवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या मुलींनी हे नाव माहीत करून घ्यावे असे मला वाटते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते.

तीन मजली उंचीचा हा खांब जन्मतो केवढा? पहिल्या वर्षी तो जेमतेम काही मिलिमीटरचा हिरवा ठिपका असतो. त्याच्यात पाणी साठवायला जागा नाही, दाट काटे नाहीत. उघड्या जमिनीवर रुजला तर पहिल्याच उन्हाळ्यात करपतो. मग टेकडीवरचे हजारो खांब वाढले कोठे? तर झुडपांच्या सावलीत. त्यांत एक झुडूप विशेष, मिमोसा लुइसाना. आपल्या लाजाळूच्याच वंशातील, शेंगा येणारे, बारीक पानांचे. पक्षी तेतेचोची फळे खातात आणि झुडपावर बसून बिया खाली टाकतात. तेथे त्या रुजतात. स्पॅनिश भाषेत अशा झुडपाला ‘नोद्रिसा’ म्हणतात. त्याचा अर्थ दूध पाजणारी दाई.

आल्फोन्सो व्हालिएंते-बानुएत आणि एसेकिएल एस्कुर्रा या मेक्सिकोच्या संशोधकांनी याची कसून तपासणी केली. प्रश्न असा होता की दाईच्या पायाशीच रोपे का दिसतात? पक्षी तेथे बिया टाकतात म्हणून? तेथील माती कसदार असते म्हणून? उंदीर-मुंग्यांपासून आसरा मिळतो म्हणून? की निव्वळ सावलीमुळे? १९९१ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. निर्णायक गोष्ट सावली होती. झुडपाखाली ऊन थेट पडत नाही, जमीन कमी तापते, रोपातले पाणी कमी उडते, म्हणून ते जगते. बाकी सगळे नंतर.

हा निबंध मी प्रथम वाचला तेव्हा मला तो फार आवडला. वर्गात सांगायला छान गोष्ट होती. लहानाला मोठ्याने सावली दिली आणि लहान मोठा झाला. परंतु गोष्ट तेथे संपत नव्हती. १९९४ साली एस्कुर्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला, जो सहसा कोणी विचारत नाही. कॅक्टस वाढल्यावर दाईचे काय होते? त्यांनी एकटी उभी असलेली झुडपे आणि बुंध्याशी तेतेचो असलेली झुडपे मोजली. ज्या झुडपाच्या बुंध्याशी तेतेचो वाढला होता, त्याची वाढ खुंटलेली होती, बी कमी धरत होते. तेतेचो जितका मोठा, तितके झुडूप खंगलेले. कारण उघड आहे. त्या पसरट, वरवरच्या मुळांनी पावसाचे पाणी आधी टिपले. मिमोसा वाळत जाते आणि काही वर्षांनी त्या ठिकाणी खांब तेवढा उभा दिसतो. अमेरिकेतील ॲरिझोनात सग्वारो नावाचा प्रसिद्ध कॅक्टस आहे, तो आणि त्याचे दाई झाड यांच्याबाबतही असेच निष्कर्ष निघालेले आहेत.

नंतर येणारा प्रवासी त्या खांबाचे छायाचित्र काढतो. म्हणतो, पाहा, या खडकातून हा एकटा कसा वर आला!

विज्ञानाची शिक्षिका म्हणून येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. झुडपाला मन नाही. ते त्याग करत नाही आणि कॅक्टस कृतघ्न नाही. दोघेही पाणी शोधत आहेत, इतकेच. झाडांच्या गोष्टीतून माणसांना धडे काढणे मला एरवी रुचत नाही. तरीदेखील तो १९९४ सालचा निबंध मिटवल्यावर माझ्या डोळ्यांपुढे माझी थोरली बहीण उभी राहिली, ती राहिलीच.

आम्ही माण तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात आई पाझर तलावाच्या कामावर होती. मी पाच वर्षांची, माझा भाऊ अंगावर पिणारा. आक्का अकरा वर्षांची, चौथी पास झालेली. आम्हा दोघांना सांभाळायला कोणी तरी हवे होते. पाचवीला तिचे नाव घातले गेले नाही. तिला कोणी शाळा सोड असे म्हटले नाही. फक्त त्या जूनमध्ये तिच्या शाळेचा विषय निघाला नाही. कामाच्या ठिकाणी बाभळीच्या फांदीला ती आईचे जुने लुगडे बांधी आणि त्या सावलीत आम्हाला बसवी. स्वतः उन्हाच्या बाजूला बसे, म्हणजे लुगडे वाऱ्याने उडू नये म्हणून कोपरा धरून. मिळालेली सुकडी आधी आम्हाला. त्या तळ्याच्या भिंतीवर बसून तिने मला चौथीपर्यंतचे तिचे सगळे अंक आणि बाराखडी धुळीत बोटाने शिकवली. पुढे शाळेत मास्तरांनी मला एकदम दुसरीत बसवले, ते त्या बळावर.

सोळाव्या वर्षी तिचे लग्न झाले. मी वसतिगृहात राहून शिकले. बी. एस्सी., पुढे एम. एस्सी., बी. एड. दिवाळीत घरी आले की आक्का माहेरी आलेली असायची आणि परत जाताना माझ्या पिशवीत लुगड्याच्या गाठीतले पैसे निघायचे. खुरपणीचे, कापणीचे. मी नको म्हटले तर ती रागवायची. माझा पगार सुरू झाल्यावर मी तिच्यासाठी जमेल ते केले, ते येथे लिहिण्याचे कारण नाही. पाचवीचे वर्ष मात्र कोणाला परत करता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले तेव्हा कॉलेजात निरोप समारंभ झाला. प्रास्ताविक करणाऱ्या सहकाऱ्याने मनापासून कौतुक केले. बाई स्वतःच्या हिमतीवर वर आल्या, खडकातून उगवल्या, असे शब्द वापरले. आपल्या समाजातील सत्कारांत हे शब्द नेहमीचेच आहेत आणि ज्यांच्यासाठी ते वापरतात त्यांनी खरोखरच कष्ट उपसलेले असतात, त्यात वाद नाही. आक्का तिसऱ्या रांगेत बसली होती. उत्तराच्या भाषणात मी माझ्या नोकरीविषयी बोललेच नाही. मी तेतेचो सांगितला, मिमोसा सांगितली, १९९१ आणि १९९४ असे दोन्ही भाग सांगितले. मग तिला व्यासपीठावर बोलावले. ती आली नाही, जागेवरूनच हात हलवून नको म्हणाली.

घरी आल्यावर मात्र तिने विषय काढला. ‘त्या झुडपाला कुणी इचारलं हुतं का गं?’

मी म्हटले, झुडपाला कसे विचारणार?

‘मग त्याचं बी कमी झालं म्हणतीस, ते कमी झाल्यालं बी कुठं लिवलंय का?’

मी तिला सांगितले, की लिहिले आहे, मोजून लिहिले आहे, त्याच निबंधात. तिला बरे वाटल्यासारखे दिसले. ‘म्हंजी कुणीतरी मोजलं,’ एवढेच म्हणाली. मी पुढे सांगत राहिले. मिमोसाचे सगळेच संपत नाही. तिचे बी वाऱ्या-पाण्याने उघड्या जागी जाते, उन्हात रुजण्याची ताकद तिच्यात आहे, जी तेतेचोत नाही. म्हणजे माळावर पहिले पाऊल दाईच टाकते. ती नसेल तर टेकडीवर एकही खांब उभा राहणार नाही. म्हणून सरपणासाठी झुडपे तोडली, शेळ्यांनी कोंब खाल्ले, तर आजचे उंच खांब काही वर्षे तसेच दिसत राहतील, पण त्यांच्या पायाशी नवे रोप नसेल. छायाचित्रात हे कळत नाही. आक्का ऐकत होती की तांदूळ निवडत होती, मला सांगता येणार नाही.

हा लेख आजच लिहिण्याचे कारण निराळे आहे. आक्काची नात यंदा बारावी विज्ञान चांगल्या गुणांनी पास झाली. डी. फार्मसीच्या प्रवेश यादीत तिचे नाव लागले आहे. त्याच महिन्यात तिच्या आजीला, म्हणजे माझ्या भाचीच्या सासूबाईंना, अर्धांगवायूचा झटका आला. त्या अंथरुणावर आहेत. भाची सकाळी आठला कामावर जाते. घरात बोलणे झाले, की पोरीने एक वर्ष थांबावे, शिक्षण कुठे पळून जाते? कोणाचाही हेतू वाईट नाही. जावई भला माणूस आहे. मुलीला सक्ती केलेली नाही, तिने आपणहून मान हलविली आहे. त्याच घरात तिच्याहून दोन वर्षांनी मोठा भाऊ आहे. त्याने वर्ष थांबावे काय, हा विषय मात्र निघाला नाही.

माझ्या ओळखीच्या घरांत असे एक वर्ष थांबलेल्या मुली मी गेल्या तीस वर्षांत बऱ्याच पाहिल्या. त्यांच्यातील फार थोड्या दुसऱ्या वर्षी वर्गात दिसल्या. एकदा सावली धरायला बसलेल्या माणसाला उठवायचे कोणाच्या ध्यानात राहत नाही. झुडपाला पाय नसतात, ते हलू शकत नाही. घरातील माणसे आळीपाळीने बसू शकतात. लुगड्याचा कोपरा धरायला घरात चार जण असतील तर एकाच्याच हाती तो का द्यावा?

बातमी कळताच आक्का पिशवी भरून माझ्याकडे आली. ‘पोरीला पाठव शाळंत. म्हातारीचं मी बघती. माझं काय, मला सवय हाय.’ चौसष्टाव्या वर्षी, गुडघे धरलेले असताना, परक्या घरी जाऊन दुसऱ्या म्हातारीला उचलायला ती तयार होती.

गेल्या रविवारी मी भाचीच्या घरी गेले. सगळ्यांना बसविले आणि वहीच्या पानावर वेळापत्रक मांडले. सकाळी सहा ते साडेसात जावई. पुढे अकरापर्यंत मुलगा, त्याचे कॉलेज दुपारचे आहे. दुपारी पगारी मावशी, तिचा निम्मा खर्च माझ्या निवृत्तिवेतनातून. संध्याकाळी भाची. मुलीकडे रात्रीचे औषध देणे, तेवढेच. मुलाने थोडी कुरकुर केली, मग आजीला कुशीवर कसे वळवायचे ते मावशीला विचारून घेतले.

आक्काने कागद हातात घेतला. ती अजूनही बोटाने ओळ धरून वाचते. शेवटपर्यंत वाचला.

‘माझं नाव ऱ्हायलं,’ ती म्हणाली.

‘राहिलं नाही. घातलं नाही.’

तिने कागद परत दिला नाही. घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला, म्हणून मला दुसरा लिहावा लागला. प्रवेशाची फी भरण्याची शेवटची तारीख येत्या मंगळवारी आहे.